हर्सिलचा गोरा राजा : पहाडी विल्सन

हिंदुस्थानात आलेला इंग्रज म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे कलेक्टर, लष्करी अधिकारी, न्यायाधीश किंवा मिशनरी उभा राहतो. एल्फिन्स्टन, माल्कम, ग्रँट डफ ही नावे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. ही मंडळी आली, त्यांनी काही वर्षे कारभार पाहिला आणि ती मायदेशी परतली. त्यांची पत्रे, अहवाल आणि ग्रंथ दप्तरखान्यांत व ग्रंथालयांत जपून ठेवलेले आहेत. त्यांचे चरित्र लिहावयाचे तर अभ्यासकाला साधनांची ददात नाही.

परंतु याच काळात दुसऱ्या एका जातीचा गोरा माणूसही या देशात वावरत होता. तो लहानशा घरातून आलेला असे, त्याच्या पाठीशी घराणे नसे, आणि मायदेशी परत जाण्यासारखे त्याचे तेथे काही उरलेलेही नसे. तो येथेच राहिला, येथेच त्याने संसार थाटला आणि येथल्याच मातीला मिळाला. अशा माणसाविषयी सरकारी कागद फारसे बोलत नाहीत, लोक मात्र पुष्कळ बोलतात. म्हणून त्याचा शोध घेणे म्हणजे आख्यायिकांच्या ढिगातून सत्याचे चार दाणे निवडणे होय. एकोणिसाव्या शतकात गढवालच्या डोंगरात जन्म घालविणारा फ्रेडरिक विल्सन हा अशा माणसांचा उत्तम नमुना आहे. साऱ्या गढवालात तो ‘पहाडी विल्सन’ या नावाने ओळखला जातो. कोणी त्याला हर्सिलचा राजा म्हणतात, तर कोणी जंगलाचा लुटारू. या दोन्ही पदव्या त्याला का मिळाल्या, हे पाहण्याचा या लेखात प्रयत्न केला आहे.

हर्सिल कोठे आहे?

उत्तरकाशीहून गंगोत्रीला जाणाऱ्या मार्गावर, भागीरथीच्या काठी, सुमारे साडेआठ हजार फूट उंचीवर हर्सिल हे लहानसे गाव आहे. येथून गंगोत्री सुमारे पंचवीस किलोमीटरवर आहे. दोन्ही बाजूंनी देवदारांनी झाकलेले डोंगर, मधे नदीचे रुंद, दगडगोट्यांचे पात्र आणि वर बर्फाची शिखरे असा हा देखावा आहे. १९८५ साली पडद्यावर आलेल्या राज कपूर यांच्या ‘राम तेरी गंगा मैली’ या चित्रपटाचे बरेचसे चित्रण येथेच झाले होते. तेव्हा हर्सिलला न गेलेल्या वाचकांनीही ते एका अर्थी पाहिलेले आहे.

नदीपलीकडे मुखबा हे गाव आहे. गंगोत्रीच्या पुजाऱ्यांचे हे मूळ गाव. दिवाळीच्या सुमारास गंगोत्रीचे मंदिर बंद झाले की गंगामाईची मूर्ती पालखीतून मुखब्याला येते आणि हिवाळाभर तेथेच राहते. एका इंग्रजाने संसार मांडावा असे हे ठिकाण नव्हे. मसुरी, सिमला, नैनिताल ही साहेबांची थंड हवेची गावे होती. तेथे क्लब होते, चर्चे होती, आपली माणसे होती. हर्सिलला यांतले काहीही नव्हते. तरीही विल्सनने हेच ठिकाण निवडले.

जन्म आणि आगमन

विल्सनचा जन्म १८१७ साली इंग्लंडातील यॉर्कशायर परगण्यातल्या वेकफील्ड येथे झाला. लोकरीच्या कापडाच्या व्यापारासाठी हे गाव प्रसिद्ध होते. त्या काळी गिरण्यांचे युग जोरात सुरू झाले होते आणि सामान्य घरातल्या तरुणापुढे गिरणी, खाण किंवा पलटण असे मोजकेच मार्ग होते. अशा असंख्य तरुणांप्रमाणे विल्सनही पलटणीच्या वाटेने हिंदुस्थानात आला, असे परंपरा सांगते.

येथून आख्यायिकेला प्रारंभ होतो. गढवालात घरोघरी सांगितली जाणारी कथा अशी की पहिल्या अफगाण युद्धाच्या धामधुमीत, म्हणजे १८४२ च्या आसपास, हा शिपाई पलटण सोडून पळाला. पकडले जाण्याच्या भीतीने तो डोंगरात शिरला आणि टेहरीच्या राजाकडे आश्रय मागू लागला. राजाने इंग्रजांची मर्जी जाईल म्हणून त्याला नकार दिला. तेव्हा तो आणखी वर, जेथे शिपायांचा हात पोहोचणार नाही अशा भागीरथीच्या वरच्या खोऱ्यात गेला आणि हर्सिलला स्थायिक झाला.

कथा चांगली आहे. परंतु ती थोडी तपासून पाहावयास हवी. त्या काळी इंग्रज पलटणीतून पळालेल्या शिपायाला फटके मारीत आणि त्याच्या अंगावर फरारीपणाचे अक्षर कायमचे उमटवीत. अशा गुन्ह्यातून वाचलेला माणूस निदान आपले नाव तरी बदलतो. विल्सनने नाव बदलले नाही. इतकेच नव्हे, तर पुढे त्याने राजाशी उघड करार केले, सरकारी खात्यांना लाकूड पुरविले, इंग्रजी नियतकालिकांत लेख लिहिले आणि इंग्रजांनी गजबजलेल्या मसुरीत तो येत-जात राहिला. ज्याच्या मागे लष्करी न्यायालयाचा ससेमिरा आहे असा माणूस इतका निर्धास्त राहील, हे पटत नाही. टेहरीचा राजा आश्रय नाकारतो आणि तोच राजा पुढे आठ-दहा वर्षांत आपले जंगल त्याच फरारी माणसाच्या हाती देतो, हेही जुळत नाही. तेव्हा विल्सन पलटणीत होता हे शक्य आहे, परंतु तो पळून आला ही गोष्ट लोकांनी त्याच्या एकाकी राहण्याला शोधलेले कारण दिसते. साहेब असून साहेबांत राहत नाही, त्या अर्थी याने काहीतरी केले असले पाहिजे, असा हा सरळ लोकतर्क आहे. २०१० साली रॉबर्ट हचिसन या लेखकाने विल्सनचे सविस्तर चरित्र इंग्रजीत प्रसिद्ध केले, त्याच्याही नावात राजा आणि आख्यायिका हे दोन्ही शब्द आले आहेत.

शिकारी आणि निरीक्षक

डोंगरातली त्याची पहिली वर्षे शिकारीत गेली. ही शिकार हौसेची नव्हती, पोटाची होती. हिमालयाच्या उंच जंगलांत कस्तुरीमृग असतो. नराच्या पोटाखालच्या ग्रंथीत कस्तुरी असते आणि ती अत्तरवाल्यांना व वैद्यांना सोन्याच्या मोलाने विकली जाई. याच जंगलांत मोनाल नावाचा पक्षी असतो. त्याच्या अंगावर हिरवा, निळा, जांभळा आणि तांबूस अशा धातूसारख्या चमकणाऱ्या पिसांचे वैभव असते. युरोपात स्त्रियांच्या टोप्यांवर पिसे खोवण्याची फॅशन होती, त्यामुळे मोनालच्या कातड्यांना मोठी मागणी होती. विल्सन कस्तुरी, कातडी आणि पिसे गोळा करी व खाली मैदानात पाठवी. आज मोनाल हा उत्तराखंडचा राज्यपक्षी आणि कस्तुरीमृग हा राज्यप्राणी आहे. ज्यांवर त्याने पहिली कमाई केली तेच दोन जीव आज त्या राज्याने मानाचे आणि संरक्षणाचे मानले आहेत.

परंतु विल्सन हा नुसता पारधी नव्हता. त्याला डोळे होते आणि लिहिण्याचा हात होता. मोनाल उन्हाळ्यात वृक्षरेषेपर्यंत कसा चढतो, थंडी पडू लागली की कोणत्या उतारावर उतरतो, काय उकरून खातो, धोका दिसताच कसा ओरडतो, या साऱ्यांची त्याने बारकाईने नोंद केली. ‘माउंटेनियर’ या टोपणनावाने तो शिकारविषयक नियतकालिकांत लिहीत असे. १८६० साली लंडनमध्ये याच टोपणनावाने हिमालयातील एका उन्हाळी भटकंतीचे पुस्तक प्रसिद्ध झाले, तेही त्याचेच मानले जाते. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव आपल्याला काँग्रेसचे एक संस्थापक म्हणून परिचित आहे; परंतु ह्यूम हे आपल्या काळातील हिंदुस्थानातले सर्वांत मोठे पक्षीतज्ज्ञही होते. १८७९ ते १८८१ या काळात मार्शल यांच्यासह त्यांनी शिकारी पक्ष्यांवर तीन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात हिमालयातील पक्ष्यांच्या प्रकरणांत विल्सनच्या निरीक्षणांवर त्यांनी मोठा भरवसा ठेवलेला आहे. विद्यापीठाचे तोंड न पाहिलेल्या माणसाला विद्वानांच्या ग्रंथात असे स्थान मिळावे, ही साधी गोष्ट नव्हे. विल्सनच्या आयुष्यातील निर्विवाद असा कागदोपत्री पुरावा कोठे असेल, तर तो या पक्ष्यांच्या पानांत आहे.

देवदाराचा मक्ता

विल्सनला राजा बनविले ते देवदारांनी. त्यासाठी टेहरी संस्थानाची त्या वेळची स्थिती थोडी समजून घेतली पाहिजे. १८०४ साली गुरख्यांनी गढवालचा राजा प्रद्युम्न शाह याला लढाईत ठार केले आणि सारे राज्य गिळले. १८१५ साली इंग्रजांनी गुरख्यांना हटविले, तेव्हा प्रद्युम्नचा मुलगा सुदर्शन शाह याला राज्य परत मिळाले खरे, पण अर्धेच. अलकनंदेच्या पूर्वेचा मुलूख, जुनी राजधानी श्रीनगर आणि डेहराडूनचे खोरे इंग्रजांनी स्वतःकडे ठेवले. राजाला भागीरथीकाठी टेहरी या नव्या गावी राजधानी वसवावी लागली. शेती थोडी, वसूल तुटपुंजा आणि जंगल अफाट, असे हे संस्थान होते. त्या जंगलाला बाजारात काही किंमत येऊ शकते, याची दरबारात कोणाला कल्पना नव्हती.

विल्सनला ती होती. १८५० च्या सुमारास त्याने राजाकडून जंगलतोडीचा मक्ता मिळविला. त्याची रक्कम वर्षाला अवघी ४०० रुपये होती, असे सांगितले जाते. आज हा आकडा हास्यास्पद वाटतो. पण ज्या लाकडाला गिऱ्हाईक नाही त्याचे चारशे रुपये आले म्हणून दरबाराला त्या वेळी आनंदच झाला असेल.

लाकूड विकले का जात नव्हते, तर ते खाली नेता येत नव्हते. हर्सिलपासून हरिद्वारपर्यंत गाडीचा रस्ता नव्हता. घोड्याची वाटही धड नव्हती. विल्सनने या प्रश्नाचे उत्तर नदीत पाहिले. देवदार तोडायचा, त्याचे ओंडके करायचे, उतारावरून ते घसरत नदीकाठी आणायचे आणि पाण्याचा जोर पाहून भागीरथीत सोडून द्यायचे. वरच्या खोऱ्यात नदी इतकी खडकाळ आणि वेगवान आहे की ओंडके बांधून तराफा करणे शक्य नाही. ते सुटे सोडावे लागतात. हिमालयातील नद्यांवर या कामासाठी फुगवलेल्या कातड्याच्या पखालींवर पोहणारी माणसे ठेवीत. खडकांत अडकलेले ओंडके मोकळे करणे हे त्यांचे काम आणि त्यात जिवाचा धोका असे. कोणता ओंडका कोणाचा हे कळावे म्हणून त्यावर मालकाच्या नावाचा शिक्का घणाने ठोकीत. शेवटी हरिद्वारला नदी मैदानात उतरून संथ झाली की ओंडके अडवून काठावर ओढीत.

आणि याच वेळी गिऱ्हाईकही चालून आले. १८५३ साली मुंबई-ठाणे आगगाडी धावली आणि १८५४ साली बंगालमध्येही लोहमार्ग सुरू झाला. त्याच वर्षी हरिद्वारहून निघणारा गंगा कालवा खुला झाला. रुळांखाली घालावयाच्या स्लीपरसाठी वाळवी न लागणारे, उन्हापावसात न कुजणारे लाकूड हवे होते. हिंदुस्थानात असा गुण तीनच झाडांत होता : साग, साल आणि देवदार. देवदाराच्या लाकडात एक प्रकारचे तेल असते, त्यामुळे कीड त्याच्याजवळ जात नाही. एका मैलाच्या लोहमार्गाला दीड-दोन हजार स्लीपर लागत. उत्तर हिंदुस्थानात शेकडो मैल रूळ पडत होते. विल्सन पाहता पाहता धनवान झाला.

नाणी आणि पूल

पैसा आला तशी सत्ताही आली. विल्सनने हर्सिलला देवदाराचा मोठा दुमजली बंगला बांधला. मजुरांना रोख पैसे देणे त्या दुर्गम भागात अवघड होते, म्हणून त्याने आपले नाव आणि हर्सिलचे नाव कोरलेली धातूची टोकने पाडून घेतली. ती दाखविली की विल्सनच्या दुकानी माल किंवा पैसे मिळत. हळूहळू ती आसपासच्या बाजारांतही चालू लागली. ज्याच्या नावाची नाणी चालतात तो राजा, ही आपल्याकडची जुनी समजूत आहे. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या वेळी होन आणि शिवराई पाडली ती याच अर्थाने. तेव्हा डोंगरातल्या माणसांनी विल्सनला राजा म्हटले, यात नवल नाही.

दुसरी गोष्ट पुलाची. गंगोत्रीच्या अलीकडे भैरोंघाटीपाशी जाडगंगा ही उपनदी एका भयंकर खोल दरीतून वाहत येते. यात्रेकरूंना ही दरी ओलांडणे म्हणजे यमाच्या दारात पाऊल टाकणे होते. विल्सनने तेथे दोरांचा झुलता पूल बांधला. तो सुमारे साडेतीनशे फूट लांब होता असे म्हणतात. पूल वाऱ्याने हले, झुले. लोक पाऊल टाकायला धजेनात. तेव्हा विल्सनने स्वतः घोड्यावर स्वार होऊन त्यावरून दौड केली आणि लोकांचा धीर वाढविला, अशी कथा आहे. चांदण्या रात्री तेथे अजूनही त्याच्या घोड्याच्या टापा ऐकू येतात, असे सांगणारी माणसे त्या भागात आहेत. पूल कधीच नाहीसा झाला. टापा मात्र राहिल्या. सफरचंदाची बाग आणि राजमा ही पिकेही हर्सिलला विल्सननेच आणली, असे लोक मानतात, आणि आज त्या खोऱ्याची पोटापाण्याची मुख्य साधने हीच आहेत.

गुलाबी

विल्सनच्या चरित्रातील सर्वांत थोडे लिहिले गेलेले आणि सर्वांत अधिक विचार करावयास लावणारे प्रकरण गुलाबीचे आहे. त्याने प्रथम मुखबा गावच्या रायमत्ता नावाच्या स्त्रीशी लग्न केले. तिला मूल झाले नाही. पुढे त्याच गावच्या गुलाबीशी त्याने दुसरा संसार मांडला. गुलाबी ही ढोल वाजविणाऱ्या घरातली मुलगी. गढवालात देवाची पालखी निघते ती ढोल-दमाऊच्या गजरात. ढोलाशिवाय देव उठत नाही. पण तो वाजविणाऱ्याला मात्र मंदिराच्या आत जागा नसे. आपल्याकडेही हा विरोधाभास अपरिचित नाही.

अशा घरातली मुलगी एका श्रीमंत साहेबाची पत्नी झाली. मुखब्याच्या पुजाऱ्यांना ते रुचले नसेल. मसुरीच्या मडमांना तर नाहीच नाही. ज्या काळात बहुतेक साहेब अशा संबंधांना घराच्या मागल्या दारी ठेवीत आणि मायदेशी जाताना विसरून जात, त्या काळात विल्सनने गुलाबीला पत्नी म्हणून वागविले आणि तिच्या मुलांना आपले नाव दिले. तिचे एक जुने छायाचित्रही उपलब्ध आहे. नथॅनिअल, चार्ल्स आणि हेन्री अशी त्यांना तीन मुले झाली. थोरल्याला लोक नथू म्हणत. गढवाली आई आणि यॉर्कशायरचा बाप यांच्या घरात कोणती भाषा बोलली जाई, सणवार कोणते होत, देव्हाऱ्यात काय असे, हे कोणी लिहून ठेवले नाही. गुलाबीला लिहिता येत नव्हते, आणि ज्याला येत होते त्याने पक्ष्यांविषयी लिहिले, घराविषयी नाही.

मावळती वर्षे

१८६४ साली हिंदुस्थान सरकारने स्वतंत्र वनखाते स्थापन केले. डीट्रिक ब्रँडिस हा जर्मन वनशास्त्रज्ञ त्याचा पहिला प्रमुख झाला. चारशे रुपयांत एक माणूस काय काय घेऊन जातो, हे सरकारच्या ध्यानात आलेच होते. १८६४-६५ च्या सुमारास सरकारने टेहरीच्या राजाकडून वीस वर्षांच्या कराराने जंगल घेतले, वर्षाला १०,००० रुपये देऊन. म्हणजे विल्सनच्या रकमेच्या पंचवीस पट. विल्सनचे स्वतंत्र राज्य येथे संपले. पुढे तो लाकडाचा ठेकेदार म्हणून काम करीत राहिला. सरकारने मात्र त्याच्याहून मोठ्या प्रमाणावर तोच धंदा केला. १८६९ ते १८८५ या काळात टेहरीच्या एकट्या यमुना खोऱ्यातून ६५ लाख देवदारी स्लीपर बाहेर गेले. विल्सनची कुऱ्हाड या हिशेबापुढे लहानच वाटते.

१८८३ साली मसुरीत विल्सनचे निधन झाले. तेथील कॅमल्स बॅक रोडवरच्या दफनभूमीत त्याला मूठमाती देण्यात आली. पुढे गुलाबीही त्याच्याच शेजारी विसावली. मुखब्याच्या ढोलवाल्याची मुलगी साहेबांच्या दफनभूमीत नवऱ्याशेजारी चिरनिद्रा घेत आहे, ही घटना त्या काळाच्या मानाने असाधारण म्हटली पाहिजे. याच दफनभूमीत जॉन लँग या वकिलाचेही थडगे आहे. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंनी आपले संस्थान वाचविण्यासाठी १८५४ साली ज्या ऑस्ट्रेलियन वकिलाला बोलाविले होते, तोच हा लँग. तो १८६४ साली मसुरीतच वारला. कित्येक वर्षे त्याचे थडगे कोणाला ठाऊक नव्हते. मसुरीचे लेखक रस्किन बाँड यांनी १९६४ साली ते शोधून काढले. विल्सनची कथा इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचविण्यातही बाँड यांचा वाटा मोठा आहे.

विल्सनच्या मुलांचे पुढे फारसे बरे झाले नाही. बापाचा वचक त्यांना मिळाला, पण बापाची समज मिळाली नाही. त्यांनी गावकऱ्यांना छळले, गावच्या देवाचा कोप ओढवून घेतला आणि या घराण्याचा वंश चालणार नाही असा देवाने शाप दिला, अशी लोकांची श्रद्धा आहे. संपत्ती विरघळली, वंशज पांगले. हर्सिलचा बंगला मात्र शंभरावर वर्षे उभा होता. १९९७ साली आगीत तो भस्मसात झाला, आणि त्या जागी वनखात्याचे नवे विश्रामगृह उभे राहिले. रुडयार्ड किपलिंगने १८८८ साली डोंगरात जाऊन राजे बनलेल्या दोन गोऱ्या भटक्यांची प्रसिद्ध कथा लिहिली, तिच्यामागे विल्सनचीही प्रेरणा असावी असे काही जण मानतात. जेम्स ब्रूक आणि जोसाया हार्लन यांचीही नावे या संदर्भात घेतली जातात. ते काही असो. विल्सनच्या आयुष्यात अशा कथेला पुरेल एवढी सामग्री होती, एवढे मात्र खरे.

जमा आणि खर्च

आता या माणसाचे मूल्यमापन कसे करावे? त्याने पूल बांधला, वाटा केल्या, शेकडो माणसांना काम दिले, सफरचंदे लावली, पक्ष्यांचे ज्ञान वाढविले आणि एका ढोलवाल्याच्या मुलीला घरात मानाने वागविले. हे जमेच्या बाजूला लिहावे लागेल. खर्चाच्या बाजूला एकच नोंद आहे, पण ती मोठी आहे. त्याने जंगलाला किंमत लावून दाखविली.

विल्सनपूर्वी डोंगरातल्या माणसाला जंगल म्हणजे सरपण, चारा, घराची तुळई आणि देवाची राई होती. विल्सननंतर राजाला कळले की जंगल म्हणजे वसूल. सरकारलाही तेच कळले. वसूल म्हटला की सीमा आल्या, पहारेकरी आले, दंड आले. गुरे चारायला आणि लाकूड आणायला परवानगी लागू लागली. हा असंतोष वाढत गेला आणि ३० मे १९३० रोजी यमुनेच्या काठी तिलाडी येथे वननियमांविरुद्ध जमलेल्या शेतकऱ्यांवर टेहरी संस्थानाच्या सैन्याने गोळीबार केला. स्वातंत्र्यानंतरही ठेकेदार बदलले, पद्धत बदलली नाही. अखेर १९७३ साली शेजारच्या चमोली जिल्ह्यात चिपको आंदोलन सुरू झाले आणि बायामाणसे झाडांना मिठ्या मारून उभी राहिली. टेहरीचे सुंदरलाल बहुगुणा यांनी ते आंदोलन देशभर पोहोचविले. ही सारी साखळी विल्सनच्याच माथी मारणे अन्यायाचे होईल. तो नसता तर दुसरा कोणी आला असता, कारण रेल्वे तर येणारच होती. पण साखळीची पहिली कडी त्याच्या हातची आहे, हे नाकारता येत नाही.

आपण इतिहास शिकतो तेव्हा माणसांना नायक आणि खलनायक अशा दोन रांगांत उभे करण्याची आपल्याला सवय लागते. विल्सन कोणत्याच रांगेत नीट उभा राहत नाही. तो राज्यकर्त्यांपैकी होता, पण राज्यकर्त्यांत राहिला नाही. त्याने डोंगरावर प्रेम केले आणि डोंगराची लाकडेही तोडली. ज्या मोनालला त्याने टिपले त्याच मोनालचे सर्वांत बारीक वर्णनही त्यानेच करून ठेवले. गढवालच्या लोकांनी त्याला शाप दिला आणि त्याच्या घोड्याच्या टापाही सांभाळल्या. त्यांची स्मृती या बाबतीत आपल्या पाठ्यपुस्तकांपेक्षा अधिक न्यायी आहे, असे म्हणावेसे वाटते.

५ ऑगस्ट २०२५ रोजी हर्सिलच्या शेजारी असलेल्या धराली गावावर ओढ्यातून आलेला चिखल-दगडांचा लोंढा कोसळला आणि काही क्षणांत घरे-हॉटेले गाडली गेली. त्या खोऱ्याचे नाव तेव्हा पुन्हा एकदा देशभर वृत्तपत्रांत झळकले. हिमालयाचा तो भाग किती नाजूक आहे आणि माणसाने तेथे काय बांधावे, काय तोडावे, हा प्रश्न पावणेदोनशे वर्षांनंतरही सुटलेला नाही. विल्सनने तो प्रथम विचारला असे नव्हे. परंतु या खोऱ्यात डोंगराच्या किमतीचा पहिला आकडा लिहिला गेला तो त्याच्या मक्त्याच्या कागदावर, आणि तो चारशे रुपयांचा होता.